चार डिस्कांची पेटी

तात्याबा बावड्याहून निघायचा, इंदापुरात गाडी बदलायचा आणि बारामतीच्या स्टँडवर उतरायचा. गेणबा अंथुर्ण्याहून आधीच येऊन तिथं बसलेला असायचा. दोघे म्हातारे नळावर तोंड धुवायचे, पटके सारखे करायचे, खाकरून घसे मोकळे करायचे आणि चालत रामहरीच्या घरी जायचे. रामहरी म्हणजे गेणबाचा पोरगा. तो दारात येऊन चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "आबा, आज न्हाय जमायचं. पेटीचं अजून ठरंना."

असे किती बाजारचे दिवस गेले ते मोजायचंसुद्धा गेणबानं आता सोडून दिलं होतं.

रामहरी बारामतीत कॉम्प्युटरच्या क्लासला शिकवायचा. घरातल्या मधल्या खोलीत त्यानं स्वतःची म्हणून एक लॅब थाटली होती. लॅब म्हणजे झाकणं काढलेले तीन कॉम्प्युटर, वायरींचा गुंता आणि त्या गुंत्यातून मान वर काढून उभा असलेला एक काळा माईक. त्याची बायको राजेश्वरी त्या खोलीत केर काढायलासुद्धा विचारून जायची. घर तिचं, पण मधली खोली तिची नव्हती.

गेणबा आणि तात्याबाची बिरोबाची ओवी पहिल्यापासून शेवटपर्यंत कॉम्प्युटरात घ्यायची, हे रामहरीनं मनावर घेतलं होतं. कल्पना चांगलीच होती. मेंढरं राखायचे दिवस होते तेव्हा दोघं रात्र रात्र ही ओवी म्हणायचे आणि तरी ती संपायची नाही, दुसऱ्या रात्रीवर जायची. आता मेंढरं गेली, रानात ऊस आला, पोरं कारखान्यात नाहीतर दुधाच्या गाडीवर लागली. जत्रेत म्हणणारे अजून होते, पण त्यांना सुरुवात यायची आणि शेवट यायचा. मधलं सगळं फक्त या दोघांना येत होतं. म्हणायची रीतही त्यांची होती. गेणबानं ओवी उचलायची, एका जागेपर्यंत न्यायची आणि सोडायची. तिथून तात्याबानं झेलायची आणि कथा पुढं ओढायची. त्यांच्या गुरूनं दोघांना समोरासमोर बसवून ज्याची त्याला वाटून दिली होती. उभ्या जन्मात कुणी कुणाच्या वाट्याला हात लावला नव्हता.

"मग घे की भरून," गेणबा पहिल्या दिवशी म्हणाला होता. "आमी बसतो. तू बटन दाब."

पण बटण दाबायच्या आधी रामहरीला पेटी हवी होती. गाणं कॉम्प्युटरात घेतलं की ते म्हणे बेसुमार जागा खातं. त्याच्याकडच्या डिस्कवर एक रात्रसुद्धा मावली नसती. दाबून बारीक करता येतं, पण मग आवाजातलं काहीतरी गळतं, आणि रामहरीला काही म्हणजे काही गळू द्यायचं नव्हतं. म्हणून चार डिस्का बसतील असा एक छोटा सर्व्हर घ्यायचा, वेळ पडली तर उचलून अंथुर्ण्याला नेता येईल एवढा. त्यात सगळी ओवी कायमची ठेवायची.

यात गैर काहीच नव्हतं. गैर होतं ते रामहरीचं निवडणं.

एक पेटी आवडली तर तिचा पंखा घोंघावायचा आणि ती घरघर माईकात आली असती. दुसरी गपगार होती, पण आतून तापायची. तिसरीत डिस्क बदलायची तर सगळी खोलावी लागायची. चौथीचं सगळं ठीक होतं, पण वीज गेली की ती कशी वागेल हे सांगणारा माणूस मुंबईत होता आणि तो फोन उचलत नव्हता. रामहरी क्लासवरून आला की माहितीपत्रकं पसरून बसायचा. जेवताना ताटाशेजारी एक, झोपताना उशाखाली एक.

"आबा, यांनी मुलगी बघताना एवढा घोळ घातला असता ना, तर मी सुटले असते," राजेश्वरी एकदा चहा देताना म्हणाली. "तुम्हीच सांगा काहीतरी. घरात टेप आहे, टेपवर घ्या म्हटलं तर अंगावर येतात."

टेपचं नाव निघालं की गेणबा मात्र गप्प व्हायचा. रामहरीची आई बनाबाई गेली, त्याच्या आदल्या वर्षी रामहरीनं तिच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर घेतल्या होत्या. ती गेल्यावर पोरगा रोज लावून ऐकायचा. एक दिवस टेपनं कॅसेट खाल्ली. तपकिरी फीत भाताच्या शितासारखी बोटांना चिकटली होती आणि रामहरी पेन्सिलीनं ती गुंडाळत रडत होता, चांगला मिशा फुटलेला पोरगा. ते गेणबानं डोळ्यांनी बघितलं होतं. त्यामुळं राग तोंडापर्यंत यायचा आणि तिथंच विरायचा.

मध्यंतरी रामहरीनं त्याला पुण्याला दुकानात नेलं. पंख्याचा आवाज आबाला गाताना खुपतो का ते बघायचं होतं म्हणे. दुकानदारानं टेबलावर एक पेटी आणून ठेवली. काळी, देखणी, पायलीच्या डब्याएवढी, पुढून चार खण. गेणबानं कोकरू उचलून बघावं तशी ती दोन्ही हातांनी उचलून बघितली आणि हळूच खाली ठेवली. चालू केल्यावर त्यानं कान लावला. मेंढरांच्या कळपात, पावसात, वाऱ्यात गायलेला माणूस तो, त्याला तो आवाज काय खुपणार!

"हीच घे," तो म्हणाला. "चांगली हाय."

रामहरीचा हात खिशाकडं गेला. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "घाई नसेल तर दिवाळीपर्यंत थांबा. नवं मॉडेल येतंय. याच्या दुप्पट मावेल."

रामहरीचा हात परत आला.

गेणबाच्या मस्तकात तिडीक गेली. "हा मानूस इकायला बसलाय का न इकायला?" तो दुकानातच ओरडला. सगळे बघायला लागले. रामहरीनं त्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून समजावू लागला, की आबा, घाईनं घेतलं आणि उद्या बिघडलं तर परत आईच्या कॅसेटसारखं होईल. गेणबा पुढं होऊन स्वारगेटच्या बसला हात करत राहिला.

दिवाळी आली, नवं मॉडेलही आलं. आणि रामहरी नव्याच पेचात अडकला. बाजारच्या दिवशी दोघे म्हातारे आले तेव्हा तो पेच त्यांनाही ऐकावा लागला.

"तात्या, बघा," रामहरी दोन वाट्या पुढं मांडून म्हणाला. "समजा ह्या दोन डिस्का. एक तऱ्हा अशी, की निम्मं गाणं हिच्यावर ठेवायचं, निम्मं तिच्यावर. जागा पुरेपूर वापरली जाती, कामबी झटपट हुतं. पण एक डिस्क मेली, तर दुसरीवरच्या निम्म्याचा काय उपेग न्हाय. दुसरी तऱ्हा, दोन्हीवर सगळंच्या सगळं. एक मेली तरी दुसरी हाय."

"मग दुसरीच तऱ्हा धर की," तात्याबा म्हणाला.

"पण जागा निम्मीच हातात येती ना!"

"रामहरी," तात्याबा हसत म्हणाला, "तुज्या पेटीला चार खण हायत. मला छाती एकच हाय बाबा, आन ती बी आता धाप टाकती. इंदापुरात गाडीत जागा मिळत न्हाय, उभ्यानं येतो मी."

"तेवढी संक्रांत होऊ द्या तात्या. किमती उतरणार हायत."

तात्याबा खळाळून हसला. गेणबाला हसू आलं नाही. त्यानं वाटी उचलली आणि राजेश्वरीच्या हातात दिली. "पोरी, ह्यात काय तरी खायाला घाल आमाला. न्हायतर ह्यातबी गाणं भरायचा ह्यो." त्या दिवशी दोघे बाजरीची भाकरी आणि पिठलं खाऊन, आवाज न काढता परत गेले. स्टँडवर तात्याबाची गाडी लागली तेव्हा तो खिडकीतून म्हणाला, "पोरावर चिडू नगं गेणबा. भ्यालंय ते." गेणबा म्हणाला, "भ्यालंय, ते मला बी कळतं. पर आपुन काय मेंढपाळी सोडून एसटीत बसायला आलोय व्हय?"

संक्रांत गेली. शिमगा गेला. पाडवा झाला आणि एका दुपारी अंथुर्ण्याला शेजाऱ्यांच्या फोनवर रामहरीचा निरोप आला. पेटी आली! चारी डिस्का, सगळं गाणं दोन-दोन डिस्कांवर ठेवायची तऱ्हा, पंखा इतका गप की हात लावल्याशिवाय कळू नये. येत्या बाजारला दोघांनी यायचंच.

गेणबाला इतका आनंद झाला की वर्षाचा राग तो विसरून गेला. त्यानं निरोप पाठवण्यापेक्षा स्वतःच बावड्याची गाडी धरली.

तात्याबाच्या दारात त्याची सून रंगूबाई दाणे पाखडत बसली होती. गेणबाला बघताच तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. तात्याबा आत बाजेवर होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी झटका आला होता. डावं अंग गेलं होतं, तोंड वाकडं झालं होतं आणि वाचा गेली होती.

"कळवलं का न्हाय?" गेणबा ओरडला.

"कुणाला कळवायचं सुचतंय आबा," ती म्हणाली.

गेणबा बाजेच्या कडेला बसला. पेटी आली, हे त्यानं सांगायला नको होतं, पण सांगितलं. तात्याबानं चांगल्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि सोडेचना. मग दाराकडं बघितलं, परत गेणबाकडं, परत दाराकडं. रंगूबाई म्हणाली, "त्यास्नी यायचं हाय."

रामहरी जीप घेऊन आला. तात्याबाला बारामतीला आणलं, मधल्या खोलीत लोडाला टेकवून बसवलं. राजेश्वरीनं न विचारता खोली झाडून घेतली होती. टेबलावर ती काळी पेटी होती, तिच्यावर चार हिरवे दिवे लागले होते. रामहरी तात्याबाच्या पायाशी बसला होता आणि मान वर करत नव्हता.

"चालू कर," गेणबा म्हणाला.

"आबा, आज राहू द्या. तात्या बरे झाले की..."

"रामहरी," गेणबा म्हणाला, "आता जर तू थांबा म्हनलास, तर ही पेटी मी नीरा कॅनॉलात टाकीन."

रामहरीनं बटण दाबलं.

गेणबानं डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि देवाच्या स्मरणाचं सुंबरान मांडलं. आवाज चिरका झाला होता पण लागला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ उठली आणि डोंगरासारखी वरखाली होऊ लागली. ओवी आपल्या जागेवर आली. गेणबानं ती सोडली आणि तात्याबाकडं तोंड केलं.

तात्याबाचे ओठ हलले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज आला नाही. पडद्यावरची रेघ आडवी झाली आणि तशीच चालत राहिली.

रामहरीनं हळूच विचारलं, "आबा, तात्याचं पन तुमीच म्हना की."

"मला येत असतं, तर त्याला बावड्यावरनं कशाला आणला असता?" गेणबा म्हणाला. त्याला पोराला मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. निम्मं एकाकडं, निम्मं दुसऱ्याकडं. पोरगं वर्षभर वाट्या मांडून हेच सांगत होतं, आणि आपली ओवीही तशीच वाटलेली आहे, हे ऐकणाऱ्या दोघांना कधी सुचलं नव्हतं.

तात्याबाचे ओठ थांबले. त्यानं मान हलवली, माझं झालं, उचल. गेणबानं आपली पुढची ओळ उचलली.

तसंच चाललं. गेणबा आपला वाटा म्हणायचा, सोडायचा. तात्याबा त्याचा वाटा ओठांनी पुरा करायचा, पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच वेळ घेऊन, आणि मग मान हलवायचा. एकदा मधल्या शांततेत रामहरीचा हात बटणाकडं गेला, तेवढा वेळ यंत्र थांबवायला. गेणबानं त्याचं मनगट पकडलं आणि तात्याबानं मान हलवेपर्यंत सोडलं नाही. दारात राजेश्वरी पदर तोंडाशी धरून उभी होती.

तात्याबा दमला तेव्हा गेणबानं थांबवलं. त्याच्या ओठाच्या कडेनं लाळ आली होती ती आपल्या पटक्याच्या शेवानं पुसली. मग पेटीकडं बघत विचारलं, "तात्या गप हुता, त्याला बी जागा लागती व्हय रं ह्यात?"

"लागती आबा," रामहरी म्हणाला. "गाण्याएवढीच लागती."

"मग लागू दे की," गेणबा म्हणाला. "हाय न्हवं तुज्याकडं जागा? तिच्यापायीच वरीस घालवलंस."