सत्तरीतले हे

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. एकोणचाळिसाव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेले. असते तर यंदा सत्तर झाले असते. सत्तरीतले हे कसे दिसले असते, ते मला डोळे मिटायच्या आत एकदा बघायचं होतं. दुसरं काही मागणं नाही.

नात म्हणाली, "आजी, त्यात काय, फोनवर दोन मिनिटांत होतं." तिने ह्यांचा जुना फोटो घातला आणि यंत्राला वय सांगितलं.

चित्र आलं: खिडकीशी खुर्ची, गुडघ्यांवर पांघरूण, हातात काठी, नजर कुठेतरी लांब.

"हे कुठलं ध्यान?" मी म्हटलं. "अगं, तुझे आजोबा सात-सात मजले जिन्याने चढायचे. तोंडात चार स्क्रू धरून माझ्याशी भांडायचे." मी अडुसष्टची, अजून बाइंडिंगच्या दुकानात दिवसभर उभी असते. मग ह्यांनाच काठी कशाला?

"काम करताना दाखव," असं तिने लिहिलं. आता हातात झारी आली. ह्यांनी जन्मात एक रोप जगवलं नाही. मग लिफ्टचं नाव घातलं, तर लिफ्टसमोर कपाळाला हात लावून उभे, बटण कुठलं दाबायचं तेच कळत नसल्यासारखे. माझं डोकंच फिरलं.

"खोटं सांग त्या मेल्या यंत्राला," मी म्हटलं. "चाळीसचे म्हण. केस नंतर पांढरे करू."

लगेच ताठ झाले. बाह्या सरसावलेल्या, हातात पाना, डोळ्यांत तोच हट्ट. मग नातीने केस तेवढे पांढरे करायला सांगितलं, तर काठी परत आली, पाठही वाकली. तिने चारदा करून पाहिलं, पण छे.

शेवटी तिने तो चाळिशीतलाच फोटो ठेवला. मला बरं वाटावं म्हणून माझा परवाचा फोटो त्यांच्या शेजारी बसवला.

मी त्यांची आई दिसत होते.

नातीच्याही ते लक्षात आलं. "पुसू का गं?" तिने हळूच विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. "तरुणपणचे हे तर मला पाठ आहेत. मला ह्यांच्याबरोबर म्हातारी व्हायचं होतं गं."