बाकी उणे पाच

“जुम्मा होता का, मास्तर? तेवढंच सांगा.”

हुसेनबी खाटेवर पडल्या पडल्या विचारत होत्या. उमरग्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या शिवलिंग मास्तरांनी पाटी मांडीवर घेतली. हुसेनबींचा महेबूब त्यांचाच विद्यार्थी. पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत मारला गेला. एकवीस सप्टेंबर अठ्ठेचाळीस. तारीख लष्कराच्या छावणीतल्या साहेबानं सांगितली होती. वार कुणीच नाही.

“ज्वारीत लपलेलो आमी. दिस काय, रात काय, कळंना. जुम्म्याला गेला आसंल तर कबरीत त्याला फरिश्त्यांचे सवाल न्हाईत.”

आज रविवार, चार मे अठ्ठावन्न. मधले दिवस ३५१२. मागं जायचं, म्हणजे ते उणे.

उणे ३५१२ भागिले ७.
भागाकार उणे ५०१. बाकी उणे ५.

मास्तरांनी बोटांवर मोजलं. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र.

“जुम्माच, हुसेनबी.”

म्हातारीनं डोळे मिटले. “लई झालं. माझा जुम्मा हुकला तरी चालंल. पोराला गावला.”

सून ताहेराबी दारापर्यंत आली. “किती वर्सांनी हसल्या बगा, मास्तर.”

वाटेत मास्तर थबकले. म्हातारीनं अंथरूण धरलं परवा, शुक्रवारी. परवा म्हणजे उणे दोन. मघाच्या रीतीनं रविवारपुढं दोन बोटं मोजली तर

मंगळवार येतो.

बाकी उणे, आणि मोजली पुढं.

उणे ३५१२ भागिले ७.
भागाकार उणे ५०२. बाकी अधिक २.
रविवारपुढं दोन: मंगळवार.
रविवारमागं पाच: मंगळवार.

ते तसेच माघारी फिरले. पावलं ऐकून हुसेनबींनी मान वळवली.

“का वो, हिशेब चुकला व्हय? आमच्या महेबूबला छडी मारल्ती तुमी. मागं मोजायचं तिथं पुढं मोजलं म्हणून. हात सुजला होता पोराचा.” त्या खुदकन हसल्या.

मास्तर उंबऱ्यावरच उभे होते.

“न्हाय चुकला,” ते म्हणाले. “जुम्माच.”

हुसेनबी मंगळवारी गेल्या. महेबूबच्या शेजारीच जागा मिळाली. मास्तरांनी तीन मुठी माती टाकली.

“मास्तर, हात धुवा.” शेजारच्या गफारनं तांब्या वाकडा केला.

मास्तरांनी डावा हात पुढं केला. उजवा, छडीचा, तसाच मिटलेला राहिला.