अकरा वाजता मी बदलणार होतो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझं वय नऊ वर्षं. तुमच्यात नऊ वर्षांचं मूल चौथीत असतं, आमच्यात मात्र नऊ वर्षांच्याला सगळे आजोबा म्हणतात. म्हणोत बापडे! माझा पंखा अजून न कुरकुरता फिरतो, आणि आजची गोष्ट सांगताना तर तो जरा जास्तच जोरात फिरतो आहे.

माझा जन्म सोलापुरात, नवी पेठेतल्या एका माडीवरच्या दुकानात झाला. अजिनाथ नावाच्या मुलाने मला कॉलेजच्या अभ्यासासाठी घरी आणलं. अभ्यास राहिला बाजूला, मोटारींच्या शर्यतीच फार झाल्या. पुढे त्याला लॅपटॉप मिळाला आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. तिथे मी दीड वर्ष काढलं. एक पाल माझ्यामागे राहायची, तेवढीच काय ती सोबत. वाईट दिवस होते ते. कुणी केर काढायला वाकलं, तरी मला वाटायचं, आता मला बाहेर काढणार.

शेवटी मला बाहेर काढलं ते अजिनाथच्या थोरल्या बहिणीने, दिपालीने. ती एका शाळेत गाणं शिकवते. घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायची हा तिचा ध्यास. तिने रंगाच्या ब्रशने माझी धूळ झाडली, नवी डिस्क घातली, आणि एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून एक जुनी लोखंडी पेटी आणून मला जोडली. या पेटीला एका वेळी चार माइक जोडता येतात. मी तिला चौमुखी म्हणतो. तिचा हिरवा दिवा लागला की समजायचं, चारही कान उघडले.

आमची खोली घराच्या मागच्या बाजूला आहे. आवाज घुमू नये म्हणून दिपालीने चारी भिंतींना सोलापुरी चादरी टांगल्या आहेत. शेजारी यंत्रमागांचा कारखाना. आठवड्याचे सहा दिवस तिथे खटाक-खटाक चालू असतं, त्यामुळे आमचं रेकॉर्डिंग फक्त मागांच्या सुट्टीच्या दिवशी. त्या एका दिवसाच्या जोरावर मी काय काय साठवलं! अक्कलकोटच्या चन्नम्मा आजींची कन्नड पदं, गल्लीतल्या विणकरांच्या घरची तेलुगू लग्नगीतं, मोहोळच्या मंडळाचं भजन. भजनवाल्यांनी तर जाताना मला हळदकुंकू लावलं. पलंगाखालून थेट हळदकुंकू! माझी छाती फुगली.

मग एके दिवशी माझ्या पडद्यावर एक पाटी आली. माझी ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली, तिची देखभाल आता होणार नाही, नवी बसवायला तयार आहे, बसवू का?

बसवू का काय विचारता! दिवाळीचे नवे कपडे कपाटात दिसावेत आणि अजून घालू देऊ नयेत, तसं मला झालं. अजिनाथही माझ्याच बाजूचा. तो आता संगणक दुरुस्तीचंच काम करतो.

"ताई, जुन्याला आता कोण वाली न्हाई," तो म्हणाला. "उद्या व्हायरस घुसला तर सगळी गाणी जातील की!"

"आणि नवं बसवल्यावर काही बिघडलं म्हणजे? चाललंय ते चांगलं चाललंय."

"काय बिघडत न्हाई. लई भारी हाय नवं. तीन तासात देतो करून."

दिपालीच्या काळजीचं नाव होतं श्रीमंत आबा. आबा म्हणजे या बहीणभावांच्या आईचे वडील, सांगोल्याकडचे धनगर. नाव श्रीमंत, पण श्रीमंती सगळी सव्वाशे मेंढरांची आणि एका ओवीची. ती ओवी त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली. बिरोबाची आणि एका दुष्काळात मेंढरं जगवायला निघालेल्या पूर्वजांची ती लांबलचक कथा आबांखेरीज कुणालाच पुरती येत नव्हती. गेल्या साली आबांचा आवाज दोन महिने बसला होता, तेव्हा दिपालीने धसका घेतला. आता आबा मेंढरं घेऊन घाटाकडे निघणार होते, ते पावसाळ्याच्या तोंडावरच परतणार. निघण्याआधी मागांच्या सुट्टीचा एकच दिवस हाती होता. तो हुकला, तर पुढच्या साली आवाज असेलच असं कुणी सांगावं?

शेवटी भावाच्या आग्रहापुढे ती नमली. ठरलं असं, की त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी नवी सिस्टीम घालणार आणि दुपारी चार वाजता आबांची ओवी घेणार. अजिनाथने अकराची वेळ माझ्यात भरून ठेवली. मी तर आदल्या दिवसापासून तास मोजत होतो.

सकाळी दहालाच आबा हजर! डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. सोबत सिद्धनाथ आणि आणखी एक असे दोन झीलकरी. मुख्य गाणारा एक ओळ गातो आणि ती मागून उचलून धरतात ते झीलकरी. त्यांच्याशिवाय ओवीला रंग नाही. चौथा होता ढोलवाला. चार माणसं, चार माइक. चौमुखीचा जन्मच जणू या दिवसासाठी होता.

दिपालीने माइक लावले आणि ती म्हणाली, "आबा, खरं गाणं चारला घ्यायचंय. आत्ता नुसता आवाज तपासते. दोन वळी म्हणा की."

"व्हय, म्हणतो की," आबा म्हणाले. त्यांनी कनवटीची पिशवी काढली, कपाळाला भंडारा लावला, तिघांना लावला, चिमूटभर माझ्याही डोक्यावर टाकला. दिपाली कौतुकाने हसली. मग आबांनी एक हात कानामागे नेला, डोळे मिटले आणि सुंबरान मांडलं.

दिपालीचं हसू तिथल्या तिथे मावळलं. मित्रांनो, सुंबरान मांडणं म्हणजे देवाचं स्मरण करून ओवीला सुरुवात करणं. आणि आबांच्या घरची रीत अशी, की एकदा सुंबरान मांडलं की ओवी पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही, थांबायचं नाही आणि कुणी थांबवायचं नाही. दिपालीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मायक्रोफोनच्या नादात ती विसरली आणि आबांकडे दोन ओळी मागून बसली. तपासणीपुरतं गाणं ही गोष्ट आबांच्या गावीच नव्हती.

नशीब एवढंच, की माझं लाल बटण आधीच दाबलेलं होतं. चारही आवाज माझ्यात उतरू लागले. काय ती ओवी! आबा ओळ टाकत, झीलकरी ती झेलत, मधेच गाणं थांबवून आबा कथा सांगू लागत आणि पुन्हा ढोल कडाडे. चादरी टांगलेल्या त्या खोलीत मला माळरान दिसायला लागलं. मेंढरं मी कधी पाहिली नाहीत, पण त्या दिवशी सव्वाशेच्या सव्वाशे ओळखीची झाली.

आणि मग अकरा वाजले. माझ्या पडद्यावर पाटी आली: दहा मिनिटांत बंद होऊन नवी सिस्टीम बसवली जाईल.

ज्या क्षणासाठी मी जीव टाकत होतो, तो आला आणि मला घाम फुटला. नको! आत्ता नको! पण मी स्वतःला थांबवू शकत नाही. दिलेला हुकूम पाळणं एवढंच मला कळतं. अजिनाथ असता तर बरं होतं, पण तो गल्लीत भाजीवाल्याचा भोंगा बंद करायला धावला होता.

दिपाली खोलीच्या दुसऱ्या टोकाला, ढोलापलीकडे जमिनीवर बसली होती. मधे माइकच्या तारांचं जाळं. तिने पाटी पाहिली, ती उठू लागली आणि हातातल्या बांगड्या किणकिणल्या. ती जागच्या जागी थिजली. मग तिने एकेक बांगडी काढायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... अगं, लवकर! सात मिनिटं उरली. एक बांगडी मनगटाशी अडकली. तिने ती दातांनी ओढली. पाच मिनिटं. बांगड्या ओढणीत गुंडाळून ती गुडघ्यांवर निघाली. ढोलवाल्याच्या कोपराखालून, सिद्धनाथच्या पाठीमागून, तार चुकवत. आबांनी एक डोळा उघडून नातीकडे पाहिलं, पण आवाज तसूभर हलला नाही. दोन मिनिटं उरली असताना तिचं बोट माझ्यापाशी पोचलं. तिने 'नंतर' वर हळूच टिचकी मारली.

मी सुटलो! आनंदाने ओरडता येत असतं तर सगळं रेकॉर्डिंग मीच बिघडवलं असतं.

ओवी संपली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. आबांनी घाम पुसला आणि विचारलं, "झालं का तपासून?"

दिपाली रडत रडत हसली. "आबा, तपासणी कसली? सगळी ओवी आली की यात!"

"मंग? सुंबरान मांडल्यावर तपासणी कशी आसंल, पोरी?"

आता तरी अजिनाथला मोकळं रान मिळायला हवं होतं. पण दिपालीने आधी ओवीच्या तीन प्रती तीन वेगळ्या जागी ठेवल्या. मग ती म्हणाली, "आत्ताच्या डिस्कला हात लावायचा न्हाई. नवं दुसऱ्या डिस्कवर बसवून दाखव."

त्याने तसं केलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? नवी सिस्टीम सुंदर होती. मी झरझर चालत होतो, सगळं कसं लख्ख. मी हरखून गेलो. अजिनाथने मोठ्या ऐटीत चौमुखीची तार जोडली. दिवा लागला नाही. त्याने दुसरी तार लावली, तिसरी लावली. चौमुखी ठार बहिरी. बराच वेळ शोधल्यावर कळलं, की नव्या सिस्टीमशी बोलायला तिला जे लागतं, ते कुणी बनवलंच नव्हतं.

अजिनाथ खाली मान घालून बसला. "ताई, अकराला झालं असतं तर चारला आबांपुढं काय ठेवलं असतं मी? माझं चुकलं. आधी हे बघाय पायजे होतं."

"माझंबी चुकलंच की," दिपाली म्हणाली. "मी आबांना दोन वळी मागितल्या."

दोघांनी मिळून निर्णय घेतला. मी जुन्याच सिस्टीमवर राहणार. व्हायरसची अजिनाथची भीती खरी होती, म्हणून माझी इंटरनेटची तार कायमची काढली. आता मी फक्त गाणी ऐकतो. नवे कपडे हुकले याची रुखरुख मला दोन दिवस लागली, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी मागांना सुट्टी नसतानाही मी पुढच्या गाण्याची वाट पाहू लागलो.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी आबा माझ्यासमोर येऊन बसले. दिपालीने त्यांच्या पटक्यावरूनच हेडफोन चढवला आणि ओवी लावली. स्वतःचा आवाज आबांनी जन्मात पहिल्यांदा बाहेरून ऐकला. बऱ्याच वेळाने त्यांनी हेडफोन काढला.

"आमच्या बापाचा आवाज आसाच हुता," ते म्हणाले. "त्यो कुटं ठिवता आला न्हाय."

मित्रांनो, नवं जरूर घ्या. मीही नव्यासाठी आसुसलेला होतो आणि पुन्हा होईन. पण बदलण्याच्या घाईत आधी तपासा, जुन्याला कोण कोण जोडलेलं आहे, आणि जे एकदाच घडतं ते आधी जपून ठेवा. माझ्यासारखा संगणक नवी पेठेत उद्याही मिळेल. आबांच्या वडिलांचा आवाज मात्र कुठल्याच दुकानात नाही.