आठ नंबरची पेटी

"क्लेम, या बादलीत काहीतरी चिवचिवतंय!"

बायकोची, एस्मेची, हाक आली तेव्हा क्लेम किटो पक्षीघराचं दार लावत होता.

"उंदीर असेल."

"उंदीर कसला? अंडं ओरडतंय. इकडे ये आधी."

क्लेम जागच्या जागी थिजला. बादलीतली पाच अंडी त्यानंच टाकली होती, दहा मिनिटांपूर्वी.

ऑस्ट्रेलियातल्या बरा नावाच्या गावात जन्मभर पवनचक्कीचे पंप दुरुस्त केल्यावर क्लेमनं काळ्या टोपीचे हुडेड पोपट पाळले. दिसायला देखणे, पण पिल्लं आठवड्याची झाली की आई रात्री त्यांच्यावर बसायचं सोडते. बराच्या थंडीत ती सकाळपर्यंत गारठून मरतात. म्हणून क्लेम त्यांची अंडी रेड-रंप या दुसऱ्या जातीच्या पोपटाच्या मादीखाली ठेवी. ती परक्या पिल्लांनाही शेवटपर्यंत ऊब देते. त्यासाठी तिची स्वतःची अंडी काढावी लागत. पण नुकतीच घातलेली, कोरी, आत जीव न धरलेली. जीव धरलेल्या अंड्याला क्लेमनं बावीस वर्षांत हात लावला नव्हता.

एस्मे बादलीशी गुडघ्यावर बसली होती. चार अंडी फुटली होती. एकातलं गुलाबी, पूर्ण वाढलेलं पिल्लू अजून पाय हलवत होतं. बघता बघता ते थांबलं.

"उजेडात धरून बघितली नव्हतीस?" तिनं विचारलं.

"बघितली. कोरी दिसली गं मला. तीन नंबरच्या पेटीतली होती."

एस्मे पेट्यांपाशी गेली.

"क्लेम, तीनमधली मादी तिच्या अंड्यांवर बसलीये. तू आठ उघडलीस."

आकडे क्लेमनंच रंगवले होते, वीतभर मोठे. त्यानं डोळे बारीक केले. दोन्ही पेट्यांवर त्याला सारखेच डाग दिसत होते.

"कधीपासून नीट दिसत नाहीये तुला?" एस्मेचा आवाज चढला. "काल आपल्या डोनाला आणि तिच्या लेकरांना घेऊन महामार्गावरून गाडी चालवत आलास! नातवंडं होती रे गाडीत!"

क्लेमनं ओरडणारं अंडं तेवढं तळहातावर घेतलं.

"एस्मे, आठ कुठली ते दाखव."

तिनं त्याचं मनगट धरून पेटीपर्यंत नेलं. क्लेमनं मघाशी आत ठेवलेली हुडेडची अंडी तिनं काढून तीन नंबरमध्ये ठेवली आणि तिथली कोरी उचलली. क्लेमनं आपल्या हातातलं अंडं आत सरकवलं. मादी फिस्कारली, त्याचं बोट तिनं रक्त येईपर्यंत चावलं, आणि मग अंड्यावर बसली.

दुपारपर्यंत पिल्लू बाहेर आलं. एस्मेनं तसं सांगितलं. क्लेमनं नुसती मान हलवली.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. कोट चढवून एस्मे बाहेर आली तेव्हा क्लेम आधीच गाडीत होता. डाव्या बाजूच्या सीटवर, पट्टा लावून, समोर बघत. किल्ली त्यानं तिच्या सीटवर ठेवली होती.