ब्रेक कुणी लावला?

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. गाझियाबादच्या कारखान्यात घडले, दवाखान्यात राबले आणि शेवटी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात समताच्या सरकारी घरी आले, तिच्या आजारी वडिलांसाठी.

मित्रांनो, तो आमचा शेवटचा साधासुधा दिवस. बाल्कनीत ऊन होतं. समता संत्रं सोलून देत होती.

"आंबट आहे गं. सरकारी दिसतंय!"

"बाबा, खासदारानं असं बोलू नये."

राजाराम खासदार होते. त्यांच्या पक्षाचे खासदार दोनच, ते आणि खंडेराव. सरकारकडे भक्कम बहुमत होतं तेव्हा या दोघांना कुणी चहासुद्धा विचारत नसे. या खेपेला सभागृह मधोमध दुभंगलं. हे दोघे झुकतील ती बाजू जिंकणार, असं झालं. मग काय, आमच्या दारात मिठाईचे डबे येऊ लागले! महिनोन् महिने तब्येत न विचारणारे माझ्या हातावर हात ठेवून फोटो काढू लागले.

राजाराम यांना मिठाई नको होती. गटारात उतरवलेला माणूस गुदमरून मेला, तर उतरवणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा व्हावी, अशी दुरुस्ती त्यांना कायद्यात हवी होती. अशी प्रेतं त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढली होती. सरकारचा दुरुस्तीला विरोध होता.

"खंडू, आपण मान डोलावली की आपलं वजन संपलं," ते त्या दुपारी भेटायला आलेल्या खंडेरावांना म्हणाले. "आधी दुरुस्ती. बाकीचं मग बोलू."

"बिल्कुल, दादा! तुम्हाला मी स्वतः आत नेतो."

दुसऱ्या दिवशी समताला संसदेच्या बाहेरच्या दारापर्यंतच येता आलं. "काका, सांभाळून न्या," ती म्हणाली. मतदानाची घंटा वाजू लागली. ती थांबली की दारं बंद होतात, मग कुणालाच आत सोडत नाहीत. खंडेरावांनी मला खांबाआड वळवलं आणि बुटाच्या टोकानं माझा ब्रेक दाबला.

"अरेच्चा! दादा, ब्रेक अडकला वाटतं." आणि ते वाकून उगाच खटपट करत राहिले.

घंटा थांबली. दारं मिटली. आम्ही बाहेर. दुरुस्ती एका मतानं पडली.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! आयुष्यात माझा ब्रेक कधी अडकला नाही.

"ऐनवेळी खुर्चीनं दगा दिला गं," घरी येऊन राजाराम म्हणाले. खंडूवर त्यांचा तसूभरही संशय नव्हता. समतानं माझा ब्रेक लावला, सोडला, पुन्हा लावला. तिचा चेहरा बदलला आणि तिनं बाबांच्या अंगावरची शाल सारखी केली. पहाटे राजाराम गेले.

पुढच्याच महिन्यात खंडेराव मंत्री झाले आणि मला न्यायला आले.

"पक्षाच्या कार्यालयात ठेवू, बेटा. दादांची निशाणी. नेमकी त्या दिवशी अडकली, काय करणार!"

मुलांनो, आम्हा वस्तूंची निगा राखा, चाकांना तेल घाला. पण माणसानं केलेलं पाप आमच्या माथी कुणी मारू लागला, तर ऐकून घेऊ नका.

समतानं चहाचा ट्रे खाली ठेवला. या माणसाला तिनं लहानपणापासून कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"ब्रेक अडकला नव्हता, काका. तुम्ही लावलात. बाबांना मी हे सांगितलं नाही. जाताना त्यांच्याजवळ निदान एक मित्र उरायला हवा होता."