दर्यावाल्यांच्या नावाचा मलिदा

बायकोच्या, साखराबाईच्या मातीला धारूरकडची सगळी सोयरीक लोटली होती, पण सिदूच्या डोळ्यातून टिपूस निघालं नाही. सून उज्ज्वला पदरात तोंड खुपसून हंबरडा फोडत होती आणि हा लिंबाखाली बसून विचारत होता, मेंढरांना पाणी पाजलं का म्हणून.

"म्हातारा दगड हाय, दगड," कुणीतरी बाई म्हणाली.

सिदूनं ते ऐकलं. राग आला नाही. खरंच असेल, असं वाटलं. छातीत काही हलत नव्हतं, आणि हे काही त्या दिवसापासूनचं नव्हतं.

सिदू धनगराच्या घरचा. लहानपणी बापाबरोबर मेंढरं धुवायला डोहात उतरायचा, तिथंच बुडी मारायला शिकला. पुढं नौदलात भरती झाला, तर त्यांनी त्याला पाणबुड्याच केलं. एकाहत्तरच्या लढाईत तो विशीतला पोरगा होता. नोकरी संपल्यावर परत डोंगरकडेच्या वस्तीवर आला आणि मेंढरांमागं लागला. लढाईत काय केलं, हे त्यानं गावात कुणाला सांगितलं नाही.

पण यंदा कुठून तरी अमरसिंहाला कळलं. अमरसिंह म्हणजे गावचा पुढारी. नौदल दिनाला त्यानं शाळेत कार्यक्रम ठेवला आणि स्वतः गाडी घेऊन सिदूला न्यायला आला. सिदू गेला. फेटा बांधून घेतला, शाल घेतली, नारळ घेतला.

"शत्रूची पाणबुडी समुद्राच्या तळाला गाडली गेली," अमरसिंह माईकवर गरजला, "तेव्हा तिच्यात उतरलेला हा आपल्या मातीतला वाघ!"

टाळ्या झाल्या. सातवीतली आरोही नावाची मुलगी उठून उभी राहिली. "आबा, आत काय होतं?"

माईक सिदूच्या तोंडाशी आला.

"पानी व्हतं," तो म्हणाला.

"अजून?"

"गाळ."

पोरं हसली. अमरसिंहही हसला, आणि कार्यक्रम पुढं सरकला.

घरी आल्यावर सिदूनं फेटा खुंटीला अडकवला आणि चुलीपुढं बसलेल्या उज्ज्वलाला म्हणाला, "उद्या मलिदा कर. दर्ग्यावर जायाचंय."

दर वर्षी या दिवसांत साखराबाई मलिदा करायची. पोळ्या कुस्करून, गूळ-तूप घालून. सिदू तो डोंगराच्या दर्ग्यावर न्यायचा. मेंढरांसाठी काही नवस असेल, असं उज्ज्वला समजून होती. पण आज तिच्या मनातलं बाहेर पडलं.

"आत्याबाईला जाऊन चार म्हैनं झालं, मामा. तिच्या फोटोपुढं तुमी एक डाव बसला न्हाईत. आन् मलिदा बरा ध्यानात हाय! कुनासाठी हाय तो?"

सिदूनं चुलीत लाकूड सारलं.

"त्या पानबुडीतल्या लोकांसाठी."

"कोनत्या लोकांसाठी?"

"दुश्मनाच्या."

उज्ज्वलाचा हात परातीतच थांबला. "आपली मानसं माराय आलते ना ते?"

"हां. त्यासाठीच आलते."

"मग?"

"मग काय. मेले."

आणि मग त्यानं सांगितलं. दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं, आवाज वर नाही की खाली नाही. पाणबुडी मधोमध फाटली होती. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसेना. सगळं चाचपूनच. एका फटीतून आत हात घातला तर बोटांना स्वेटर लागला. कोपरावर रफू केलेला. रफूची लोकर गिरणीची नव्हती, हातानं कातलेली, जाडीभरडी, मधेच गाठाळलेली. असली लोकर त्याची आई चातीवर कातायची. तेवढ्यावरून त्याला कळलं, की ह्याच्या घरीही मेंढरं आहेत आणि चातीवर बसणारं कुणीतरी आहे. त्याला ओढून बाहेर काढलं. पोरगाच होता. अजून काहीजण निघाले. त्यांना पांढऱ्या कापडात गुंडाळून, सलामी देऊन समुद्रात सोडलं. आपल्याच जहाजावरच्या एका मुसलमान खलाशानं नमाज पढली.

"बाकीचे?"

"आतच ऱ्हायले. अजून तितंच हायत. नावं ठाऊक न्हाईत."

"आत्याबाईला म्हाईत व्हतं?"

"लगीन झालं त्या साली सांगितलं व्हतं. येकदाच." त्यानं राखेत काडी टोचली. "म्हनली, त्येंच्या बी घरी बाया असतील. आन् मुसलमान व्हते तर आपला निवद त्येंला कसा पोचंल? मुलान्याला त्येंच्या नावानं फातिहा पढाय सांगा. तवापासून मलिदा करायची. परत कदी इचारलं न्हाई तिनं."

सकाळी उठून उज्ज्वलानं मलिदा केला, परातीवर फडकं बांधलं आणि स्वतःच्या पायात चपला घातल्या.

"तू कुठं?"

"येते की."

दर्ग्यावर मेहबूब मुलाणी झाडलोट करत होता. तो सिदूच्याच वयाचा. परात पुढ्यात घेऊन, ऊद पेटवून, त्यानं दर वर्षीसारखं विचारलं, "किसके नाम से, सिदूभाई?"

"दर्यावाल्यांच्या."

"आन् साखराबाईच्या बी," मागून उज्ज्वला म्हणाली.

मेहबूबनं सिदूकडं पाहिलं. सिदूनं मान हलवली. मेहबूबनं डोळे मिटून पढायला सुरुवात केली. साखराबाईचं नाव त्या अरबी शब्दांत आलं तेव्हा सिदूला वाटलं, आता काहीतरी होईल. त्यानं वाट पाहिली. उदाचा धूर नाकात गेला, खाली घाटातून उसाची गाडी घरघरत चढली. काही झालं नाही.

उतरताना पायरीवर उज्ज्वला मधेच बसली आणि रडायला लागली. सिदू रिकामी परात धरून उभा राहिला.

"तुमाला कदीच न्हाई का येत रडू, मामा?"

"न्हाई."

"कावून?"

"काय ठाऊक, बाई. त्या पान्यातून वर आल्यापसून न्हाई आलं. साखराला म्हाईत व्हतं. तिनं माज्यावर कदी राग धरला न्हाई."

उज्ज्वलानं पदरानं तोंड पुसलं. "मी धरला व्हता."

"बराबर हाय."

ती उठली. त्याच्या हातातली परात तिनं आपल्याकडं घेतली. मेंढरं अजून वाड्यातच कोंडलेली होती आणि ऊन चढत चाललं होतं, म्हणून दोघं जरा पाय उचलूनच वस्तीकडं निघाली.