सूचनेचा रकाना

“किश्पे, अब्दोन. वय एकाहत्तर, झाडू बांधतात. तुमच्याकडे आहेत?” निएवेसने विचारलं.

मी उगाचच कार्डं चाळली. ते कार्ड डब्यात कुठे आहे हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

“आहेत,” मी म्हणाले. “गुरुवार. पत्रवाचन.”

“आमच्याकडे मंगळवार. पत्रवाचन.” तिने पेन्सिलीने खूण केली आणि पुढचं कार्ड उचललं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात तिच्या कचेरीच्या दारामागे लाल दोऱ्याच्या गाठीचा झाडू उभा होता. असा झाडू दर नाताळाला अब्दोन मला आणून द्यायचे. मला एकटीलाच, अशी माझी समजूत होती.

आमच्या क्वेंका शहरात आंधळ्यांसाठी दोन संस्था. आमची नदीच्या जिन्यावर, वरच्या अंगाला. त्यांची खाली, पुलापाशी. मधे ब्याऐंशी पायऱ्या आणि अठरा वर्षांचा अबोला. गेल्या वर्षी दोन्ही संस्थांनी शहरातल्या त्याच चाळीस जणांना पांढऱ्या काठ्या वाटल्या आणि डोंगरातल्या नाबोनला एकही पोचली नाही, तेव्हा कुठे दोन्ही अध्यक्षांना लाज वाटली. दोघांनी गळाभेट घेतली, भाजलेलं डुक्कर आणि उकडलेला मका एका टेबलावर बसून खाल्ला, आणि याद्या एक करायचं काम आम्हा दोघी कारकुनांच्या गळ्यात पडलं. नियम ठरला, एका माणसाला एक सेवा एकाच ठिकाणी. कुठे, ते त्याने सांगायचं.

नव्या कार्डावर ‘सूचना’ असा रकाना होता. दुसऱ्या संस्थेला उपयोगी पडेल ते त्यात लिहायचं. कोणाला कुत्र्याची भीती वाटते, कोणाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तेवीस वर्षांत मला सगळं पाठ झालेलं. मी एकूण एक रकाना कोरा ठेवला होता. मी खपून गोळा केलेलं या कालच्या पोरीला आयतं का द्यावं? पोरगी म्हणजे चांगली चाळिशीची, पण आवाज असा की बसस्टँडवर गाड्या पुकारते आहे. या आवाजात ती अब्दोनना त्यांच्या मुलाची पत्रं वाचून दाखवत होती.

“मुलाची बोटं गेल्यापासून पत्रं उशिरा येतात, नाही?” ती मान वर न करता म्हणाली. “डाव्या हाताने लिहायचं म्हणजे वेळ लागणारच.”

माझा हात डब्यातच राहिला. रोमुलो स्पेनमध्ये भाजी डबाबंद करायच्या कारखान्यात होता. तिथल्या यंत्रात त्याची तीन बोटं गेली, ते पत्र मी तीन वर्षांपूर्वी वाचलं होतं. मनात. मोठ्याने वाचलं ते वेगळंच, मालकाने त्याला मुकादम केल्याचं. म्हाताऱ्याला ऐकवू तरी कसं?

“तू ते वाचलंस त्यांना?”

“मग? लिहिलं होतं ना त्याने.”

गुरुवारी अब्दोन आले, खुर्ची चाचपून बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. अंगाला नेहमीचा सुक्या गवताचा वास.

“पत्रं कुठे वाचून घ्यायची ते सांगा, ताइता. इथे, की खाली तिच्याकडे?” ताइता म्हणजे बाबा, पण माझा आवाज माझा मलाच आंबट लागला.

“कळलं म्हणायचं.” ते हसले.

“तीन वर्षं इथे बसून माझ्या थापा ऐकत होतात.”

“बाई, त्या दिवशी तुम्ही पानं उलटलीत चार आणि वाचलंत एकाचं. मला दिसत नाही, पण कागद वाजतो ना. म्हणून जिना उतरून तिच्याकडे गेलो.”

“मग परत वर कशाला यायचात? माझी कीव करायला?”

“खाली ऐकून आलं की दोन दिवस घास उतरायचा नाही. गुरुवारी वर आलो की तुमचा रोमुलो भेटायचा. मुकादम झालेला, रविवारी चेंडू खेळणारा. चांगला पोरगा आहे तो. मला आवडतो.”

“आणि तिचा रोमुलो?”

“तो माझा आहे, बाई.”

मी पेन उचललं.

“तिचं नाव लिहा,” ते म्हणाले. “गुडघे आता जिना चढू देत नाहीत.”

गुडघ्यांचं कारण खरं की माझ्यासाठी काढलेलं, हे मी विचारलं नाही. मी नाव लिहिलं. मग त्यांनी खिशातून बंद पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“हे काल आलंय. तिच्याकडे नेलं नाही. वाचा.”

“सगळं?”

“सगळं.”

दोन पानं होती, वेड्यावाकड्या अक्षरातली. रोमुलोला कारखान्याने काढून टाकलं होतं. तो एका खानावळीत बटाटे सोलत होता, आणि उरलेल्या दोन बोटांत सुरी धरता येत नाही म्हणून तिथले लोक हसत होते. या नाताळाला येणार नाही, वाट पाहू नका, असं शेवटी होतं. तिथे मी अडखळले. पण मी ती ओळही वाचली, आणि खालची सहीसुद्धा.

त्यांनी पत्र जुन्याच घडीवर दुमडलं आणि काठी घेऊन उठले.

“चांगलं वाचता तुम्ही,” दारातून म्हणाले. “तिच्यापेक्षा चांगलं.”

मेलं मन तेवढ्यानेही सुखावलं, खोटं कशाला सांगू.

जिन्यावरून काठीचा आवाज खाली चालला होता. मी मोजत बसले. चाळिसाव्या पायरीनंतर तो ऐकू येईना. मग मी अब्दोन किश्पेंचं कार्ड पुढे ओढलं आणि सूचनेच्या रकान्यात निएवेससाठी लिहिलं: ‘सावकाश वाचावं. एकही ओळ गाळू नये. पान उलटल्याचं त्यांना ऐकू येतं.’